कोपऱ्यातलं स्टूल

गोव्यातल्या घरात स्टुलाला कामाचा तोटा नाही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायची, स्टूल आणा. पंखा पुसायचा, स्टूल आणा. काम झालं की पायानेच ढकलून पुन्हा कोपऱ्यात. बसण्यासाठी केलेल्या या वस्तूवर आपण बसतो कमी आणि चढतो जास्त. खरंच बसायचं असेल तर सोपा, म्हणजे ओसरी, आहे, दारापुढचं कट्ट्यांचं बाल्कांव आहे. शिवाय दुपारी दुकानदारसुद्धा शटर ओढून आडवे होतात. विश्रांतीच्या बाबतीत आम्ही गोवेकर कुणाचं ऐकून घेत नाही.

म्हणूनच की काय, बॉक्सिंगमधलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते स्टूल. ठोसे नंतर.

हा नाद लावला शेजारच्या अंकलनी. ते तारवटी. जहाजावरून सुट्टीला आले की बॅगेत चॉकलेटं, साबणाच्या वड्या आणि व्हिडिओ कॅसेट असायच्या. त्यांच्या घरी बॉक्सिंग लागलं की वाड्यावरची आम्ही पोरं जमिनीवर फतकल मारून बसायचो. तसा गोवा फुटबॉलवेडा. झुंजीची हौस असलीच तर ती धिरयोवर भागते, बंदी असो वा नसो. धिरयोत बैलांना फेऱ्या नसतात, एकाने पाठ फिरवली की संपलं. बॉक्सिंगही मला त्याच जातीचं वाटायचं. एकदा फेरी संपली, मी पाणी प्यायला उठलो, तर अंकलनी हात धरून खाली बसवलं. "मारामारी सगळेच पळयतात. तूं हें पळय." पळय म्हणजे बघ.

'हें' म्हणजे ते एक मिनिट. घंटा वाजते, दोरांखालून स्टूल आत सरकतं आणि तीन मिनिटं मार खाल्लेला माणूस त्यावर धपकन बसतो. लगेच हात कामाला लागतात. एक जण तोंडातलं दातांचं रबर काढून धुतो. दुसरा पँटचा पट्टा पोटापासून पुढे ओढून धरतो, श्वास पोटात मावावा म्हणून. तिसरा सुजलेल्या डोळ्याखाली थंडगार लोखंडाची ठोकळी दाबतो आणि भुवईच्या चिरेत व्हॅसलीन भरतो. बादलीत थुंक, पाणी पी, ऐक. ऐकायचं काय, तर "डावा हात वर ठेव." एवढंच. मिनिट संपायला दहा सेकंद उरली की सगळे दोराबाहेर, स्टूलही बाहेर.

हे मिनिट 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी पक्कं केलं. त्याआधी उघड्या मुठींनी लढायचे तेव्हा माणूस पडला की फेरी संपायची आणि श्वास घ्यायला अर्धं मिनिट मिळायचं. तेव्हा बसायचं कशावर, तर साथीदाराच्या गुडघ्यावर. एक धिप्पाड, रक्ताळलेला पैलवान दुसऱ्याच्या मांडीवर बाळासारखा बसलाय, हे चित्र मला फार आवडतं. स्टूल आलं आणि ती माया गेली.

या स्टुलावर मोठमोठे जगज्जेते संपले. 1964 साली मायामीत सनी लिस्टन सहाव्या फेरीनंतर बसला, खांदा गेलाय म्हणाला आणि उठलाच नाही. समोरचा बावीस वर्षांचा पोरगा, तेव्हाचा कॅशियस क्ले, पुढचा मुहम्मद अली, रिंगभर नाचत सुटला. 1975 च्या मनिलातली गोष्ट मात्र वेगळी. चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझरला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, तरी तो उठायला बघत होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. एकच फेरी राहिली होती आणि पलीकडे अलीचीही अवस्था मरणाजवळ पोचल्यासारखी होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. फचनी चुकीचं केलं असं म्हणणारे अजून भेटतात. मला नाही तसं वाटत. बॉक्सरला उठवायला शंभर माणसं असतात, बसवायला एखादाच.

पण अंकलचा देव अली नव्हता आणि फ्रेझरही नव्हता. त्यांचा देव जॉर्ज फोरमन.

फोरमनचा जन्म 1949 चा, टेक्सासमधल्या मार्शल गावचा. वाढला ह्यूस्टनच्या गरीब वस्तीत. लहानपणी लोकांची पाकिटं हिसकावायचा. सरकारच्या रोजगार-प्रशिक्षण योजनेत गेला, तिथे बॉक्सिंग हाती लागलं आणि 1968 ला मेक्सिकोत ऑलिम्पिक सुवर्ण. 1973 ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा आडवा केला आणि जगज्जेता झाला. तो फोरमन कॅसेटवर पाहिला तर धडकीच भरते. हसत नाही, बोलत नाही. पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात, पहाटे चारच्या दमट हवेत, अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि फोरमन त्याला बडवत राहिला. बडवून बडवून फोरमनच दमला. आठव्या फेरीत तो कोसळला. विश्रांतीचं मिनिट अलीने फेरीच्या आतच चोरलं होतं, हे अंकलचं मत. मला ते आजही पटतं.

त्यानंतर 1977 मध्ये सान हुआनला जिमी यंगकडून हरल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत फोरमनला आपण मेलोच असं वाटलं, देव भेटला म्हणाला. बॉक्सिंग सोडून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. मुलांसाठी केंद्र काढलं, आणि ते चालवायला पैसे कमी पडले म्हणून दहा वर्षांनी, 1987 ला, पुन्हा रिंगमध्ये उतरला. टक्कल, पोट सुटलेलं, तोंडभर हसू. लोकांनी खिल्ली उडवली. त्यात त्याने स्वतःही भर घातली. पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याची काय भीती?

आणि या दुसऱ्या खेपेला तो स्टुलावर बसेना. घंटा वाजली की कोपऱ्यात येऊन उभा. पाणी उभ्याने, व्हॅसलीन उभ्याने. अंकलना विचारलं, हा असं का करतो, तर स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाले, "एकदां बसलो जाल्यार उठपाक जायना रे." अंकल तेव्हा पन्नाशीला टेकलेले, जहाजाच्या शिड्या चढून गुडघे कामातून गेलेले. त्यांना तेच सुचणार. माझं म्हणणं वेगळं आहे. पलीकडच्या कोपऱ्यात स्टुलावर धापा टाकत बसलेल्या तरण्या बॉक्सरने मान वर केली की समोर काय दिसतं? पंचेचाळिशीचा, 250 पौंडांचा म्हातारा उभा आहे आणि आपल्याकडेच बघतोय.

1994 ला तो तरणा बॉक्सर होता मायकेल मूअर. याची स्टुलाची गोष्ट आणखी मजेची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेव्हाचा जगज्जेता होलिफिल्ड याच्याशी लढताना मूअर कोपऱ्यात परतला, तर त्याच्या स्टुलावर त्याचे प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलसच बसलेले! तुझ्या जागी मी लढू का, म्हणून त्यांनी त्याला झाडला. मूअर चवताळला आणि जगज्जेता झाला. सात महिन्यांनी, 5 नोव्हेंबरला लास वेगासमध्ये, त्याच्यासमोर फोरमन. किन्शासातलीच लाल चड्डी घातलेला. आणि त्याच्या कोपऱ्यात कोण, तर अँजेलो डंडी. लिस्टन स्टुलावरून उठला नाही तेव्हा अलीच्या कोपऱ्यात होते तेच, किन्शासातही अलीच्याच बाजूला होते तेच. वीस वर्षांत माणसं कुठल्या कुठल्या कोपऱ्यात जातात!

नऊ फेऱ्या मूअर पुढे होता, तिन्ही पंचांच्या कागदावर. दहाव्या फेरीत फोरमनचा उजवा ठोसा हनुवटीवर बसला. ठोसा आखूडच, लांबून बघणाऱ्याला कळूही नये असा. मूअर पाठीवर पडला. वजनदार गटात इतक्या वयाचा जगज्जेता तोवर झाला नव्हता. फोरमन आपल्या कोपऱ्याकडे वळला, आणि ज्या गुडघ्यांची अंकलना काळजी होती ते टेकून तिथेच प्रार्थना करू लागला.

21 मार्च 2025 ला फोरमन गेला, 76 व्या वर्षी. बॉक्सिंगने दिला नाही इतका पैसा त्याला शेवटी विजेच्या एका शेगडीने दिला. तिच्यावर आपलं नाव लावायच्या हक्कापोटी 1999 ला त्याला सुमारे 13 कोटी 75 लाख डॉलर मिळाले. उतरत्या तव्यावरून मांसातली चरबी गळून जाते, हा त्या शेगडीचा मोठेपणा. अंकलनी एका सुट्टीला येताना तीही आणली होती, देवाची वस्तू म्हणून. आंटीने तिच्यावर पहिल्याच दिवशी चोरीस, म्हणजे आमचे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, भाजले, खालच्या तबकात गळलेली लालभडक चरबी चमच्याने निपटून काढली आणि तिच्यातच कांदा परतून अंकलना पावाबरोबर वाढला.