तुम्ही विचारलंत म्हणून : ढोल का सोडला

नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात तबल्याची साथ करून उठलो की रत्नागिरीत कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, 'तुमच्या घरात खालू बाजा, म्हणजे पालखीपुढचं ढोल-सनईचं वाजप, होतं ना? एवढी कला का सोडलीत?' विचारणारी माणसं वाईट नसतात. पण 'सोडलीत' म्हणताना स्वरात जो ठपका असतो, तो आता सोसवत नाही.

शिमग्यात पालखीपुढे सनई, ढोल, टिमकी वाजवणं हे आमच्या वाडीच्या वाट्याचं काम होतं. मानकरी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, बसायचे. आमची माणसं खाली, लांब उभी राहून वाजवायची. मोबदल्यात भात आणि नारळ, तेही वरून टाकलेले. 1956मध्ये बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, 1958च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं, आणि कोकणात अनेक वाड्यांनी देवळापुढचं वाजप बंद केलं. आमच्या गावात ते मात्र चालूच राहिलं होतं.

मी शाळकरी होतो. शिमग्याआधी एका संध्याकाळी तिघे मानकरी अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यातला सर्वांत तरुण माझ्या आजोबांना म्हणाला, "काय रे, यंदा वाजवणार ना?" आजोबा सत्तरीचे. ते म्हणाले, "वाजवतो. पण सहाणेवर तुमच्या पंगतीला बसून वाजवीन." कुणी आवाज चढवला नाही. तिघेही निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायकांना भातलावणीचं काम मिळणार नाही असा निरोप आला, गुरांची वाट अडवली गेली. पालखीला दुसऱ्या गावचा बाजा पैसे देऊन आणला. रात्री तो लांबून ऐकू आला तेव्हा आजोबा पडवीत उठून बसले आणि आजीला म्हणाले, "टिमकीवाला मागं पडतोय गं."

त्यांना वाजवायचं होतं. हे एवढं तरी ध्यानात घ्या.

विशीत मी त्यांच्याशी भांडायचो. गुलामीचं वाद्य आहे, जाळून टाका म्हणायचो. ते म्हणत, वाद्यानं काय गुन्हा केला? आज मला दोघांचंही पटतं. लांबून ढोल ऐकला की हात आपसूक मांडीवर ठेका धरतो, आणि त्याच क्षणी संतापही येतो.

आणि वाजवणं थांबलं कुठे? त्याच हातांनी विहारात ढोलकी धरली. मी तबला शिकलो तो भीमगीतांच्या साथीला बसून. पण 14 एप्रिलच्या रात्री आमच्या वाडीत गाणं रंगतं, तेव्हा हे प्रश्न विचारणारं कुणी तिथे दिसत नाही. याच शहरात 1931 साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडलं, त्याचा अभिमान आम्हालाही सांगितला जातो. जाखडी या कोकणी नाच-गाण्याचंही तसंच : कुणबी वाड्यांतल्या पोरांनी ती मुंबईत परळ-लालबागला नेली, गिरणीच्या पगारावर शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाचे, सामने रंगवले, 1982च्या संपानंतर तो पगारच गेला. शहराला मात्र तिची आठवण महोत्सवापुरती येते.

आता मलाही बोलावणं येतं : पारंपरिक वेशात या, मानधन देऊ, मंचावर बसून वाजवा. मुलगा म्हणतो, बाबा, पणजोबांची अट तर पुरी होतेय. मी त्याला म्हणतो, ती अट गावच्या सहाणेची होती. तिथे बसू देतील का, असं आयोजकांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, तो गावचा प्रश्न आहे.