किंग्स्टन ते रॉकी हिल: एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला नदी

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या मध्य न्यू जर्सीच्या पट्ट्यात भारतातून आई-बाबा आले, की त्यांना पायी फिरायला कुठे न्यायचं हा प्रश्न घरोघरी निघतो. गुडघ्यांना चढ नको आणि रस्त्यावरच्या गाड्याही नकोत. माझं उत्तर ठरलेलं आहे: डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉल स्टेट पार्कमधला किंग्स्टन ते रॉकी हिल हा तुकडा. जायला सुमारे दोन मैल, परतायला दुसऱ्या काठाने तेवढेच. निवांत चाललं तर दोन तास पुरतात. प्रवेश फुकट आहे.

किंग्स्टनला २७ नंबरच्या रस्त्यालगत पार्किंग आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे लवकर पोचते, कारण सायकलवाले आणि कयाकवालेही हीच जागा धरतात. जवळच मिलस्टोन नदीवरचा १७९८ सालचा दगडी कमानींचा पूल आहे, तोही पाहून घ्यावा.

चालायला लागण्याआधी लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली नेण्यासाठी बांधलेल्या दोन दरवाजांच्या दगडी हौदापाशी, थांबा. हा कालवा १८३० ते १८३४ या काळात खणला गेला, बराचसा आयरिश मजुरांनी, फावड्या-कुदळीने. बॉर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक अशी मुख्य कालव्याची लांबी ४४ मैल. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा न्यूयॉर्ककडे नेणं हे त्याचं मोठं काम. जमिनीची पातळी जिथे बदलते तिथे लॉक. उतरणारी बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडून पातळी खाली आणायची आणि पुढचा दरवाजा उघडून बोट बाहेर काढायची. इथली लॉक मुळात ११० फूट लांब होती. १८५०च्या दशकात ती २२० फुटांपर्यंत वाढवली, रुंदी मात्र २४ फूटच राहिली. काठावरून वाकून पाहिलं की दरवाजे बसण्यासाठी दगडी भिंतीत ठेवलेल्या खाचा दिसतात. बोटींची वाहतूक १९३२च्या हंगामानंतर थांबली आणि १९७४ साली पार्क झालं. पण कालवा अजून कामात आहे: मध्य न्यू जर्सीच्या पिण्याच्या पाण्याचा तो एक स्रोत आहे. म्हणून यात पोहायला उतरायचं नाही आणि काही टाकायचंही नाही.

लॉकपासून उत्तरेकडे निघायचं. ही वाट म्हणजे टो-पाथ, बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठी केलेली. कालव्याचं पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. उतार लागतो तो फक्त लॉकपाशी. उजव्या हाताला कालवा, डाव्या हाताला झाडीतून दिसणारी मिलस्टोन नदी. दोन्ही पाणी उत्तरेकडेच वाहतं, पण कालवा वर आणि नदी बरीच खाली, हे चालताना हळूहळू लक्षात येतं. पाऊस होऊन गेला की नदी गढूळ आणि घाईत, शेजारचा कालवा मात्र जवळजवळ संथ. मला या वाटेवर सगळ्यात आवडतं ते हे. अधूनमधून मैलाचे दगड लागतात. त्यांच्यावर दोन आकडे असतात, दोन्ही टोकांपासूनचं अंतर. बेरीज ४४ येते. मुलांना हे करायला लावा, ती पुढचा दगड शोधत चालतात.

ऊन असेल तर पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवर कासवं ओळीने बसलेली दिसतात. मे-जूनमध्ये मोठी स्नॅपिंग टर्टल अंडी घालायला वाटेवरच येते. तिच्यापासून लांबून जा, शेपटीला धरून उचलायचा प्रयत्न तर अजिबात नको: तिची मान मागे लांबपर्यंत वळते आणि शेपटीने उचललं तर तिच्या मणक्याला इजा होते.

रॉकी हिलला ५१८ नंबरचा रस्ता आडवा येतो. पुलावरून कालवा ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने दक्षिणेकडे वळायचं. ही परतीची वाट जुन्या रेल्वेमार्गावरची, म्हणून तीही सपाट. तिथूनच रॉकिंगहॅमला जायला फाटा आहे. १७८३ साली अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, प्रिन्स्टनमध्ये भरत होती तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन या घरात राहिले आणि सैन्याला निरोपाचा आदेश त्यांनी इथेच लिहिला. घर मुळात या जागी नव्हतं. शेजारच्या दगडखाणीमुळे ते हलवावं लागलं. आताच्या जागी ते २००१ पासून आहे. आत जायचं असेल तर वेळा आधी पाहून निघा.

आता काळजीचं. मिलस्टोनला पूर येतो, आणि मोठा येतो: १९९९चं फ्लॉइड आणि २०२१चं आयडा ही वादळं इथे सगळ्यांना आठवतात. जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा आणि वाट बंद आहे का ते पार्कच्या पानावर बघा. पाणी ओसरल्यावर राहिलेला बारीक गाळ फार निसरडा असतो.

दुसरं, पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांची वेल, मधल्या पानाचा देठ लांब. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला केसाळ मुळं. आपल्याकडच्या बिब्ब्याच्याच कुळातली ही, आणि अंगावर उततेही तशीच. पानं गळल्यावरही तिच्या तेलाचा त्रास होतो. स्पर्श झाला तर लगेच साबणाने धुवा, कपडे आणि कुत्र्याचा पट्टासुद्धा.

तिसरं, गोचीड. वाटेच्या मधून चाला, गवतात बसू नका, पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, चटका देणं नको. ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लालसर चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाबद्दल विचारा.

पिण्याचं पाणी घरूनच न्या, माणशी निदान अर्धा लिटर. झाडांचे रंग पाहायचे तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा साधा. आणि दोन मैलांनी मन भरलं नाही तर रॉकी हिलला न वळता टो-पाथनेच आणखी सुमारे तीन मैलांवर ग्रिग्सटाउन गाठा. तिथे खेचरवाल्यांची जुनी दगडी इमारत आणि पूल उघडणाऱ्याचं घर आहे. फक्त एक गाडी आधीच तिथे लावून ठेवा, नाहीतर परतीचे पाच मैल पायीच.