स्मरणिकेतील नाटकांची नावे आणि मजकुराच्या शैली

सांगलीतील एका नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेची 96 पाने मी नुकतीच इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते याच गावात, त्यामुळे इथल्या स्मरणिकेत नाटकांची नावे ओळीओळीला येतात, आणि ती उरलेल्या मजकुरातून वेगळी कशी दाखवावीत, या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ दिला.

इंग्रजीत अशी नावे तिरप्या अक्षरांत छापतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये मात्र तिरपे वळण स्वतंत्र रेखाटलेले नसते. सरळ अक्षरच यंत्राने कलते केले, की काने आणि वेलांट्या बेडौल दिसू लागतात. अक्षरांमधले अंतर वाढवावे, तर शिरोरेखा तुटते. म्हणून मी त्याच फॉन्टचे थोडे ठळक वजन (अक्षराची जाडी) निवडले आणि ‘नाटकाचे नाव’ ही कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे निवडक शब्दांना एकदम लावता येणारी शैली, तयार केली. तिच्यात वजनाखेरीज काहीही नोंदवले नाही. आकार, रंग, लीडिंग (ओळींमधले अंतर) हे सारे मोकळे ठेवले. त्यामुळे तेच नाव लेखात 12 पॉइंटमध्ये आणि छायाचित्राखालच्या ओळीत 9 पॉइंटमध्ये आपोआप बसते.

पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे पूर्ण परिच्छेदाला लागणाऱ्या शैली, मी एका मूळ शैलीवरून बेतल्या; मूळ शैली बदलली की त्याही बदलतात. रफार आणि उकार एकमेकांना भिडू नयेत, म्हणून तिचे लीडिंग 18 पॉइंट ठेवले आणि जोडाक्षरे व पहिली वेलांटी योग्य जागी यावीत, यासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्यायही तिच्यातच निवडला. तो प्रत्येक परिच्छेदाला वेगळा द्यायचा राहिला नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कामात मी शैली न बनवता सर्व मापे हाताने दिली होती आणि शेवटच्या प्रुफाच्या वेळी अक्षर मोठे करण्याची सूचना आल्यावर तीन रात्री जागून पानन्‌पान दुरुस्त केले होते. या वेळीही ज्येष्ठ वाचकांसाठी तीच सूचना आली आणि ती मला मनापासून पटली. मूळ शैलीत 12 चे 13 आणि 18 चे साडेएकोणीस केले. लेख, चौकटी, मुलाखती पाठोपाठ बदलल्या. अर्धा फर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) वाढला, एवढेच.

श्रद्धांजलीचे पान तेवढे जुन्याच मापात राहिले. मजकूर एका पानात मावावा म्हणून तिथे मी हाताने अक्षर दाबले होते आणि त्याची खूण म्हणून शैलीच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसत होते; असा हातचा बदल शैलीवर मात करतो. तो हातचा बदल मी काढून टाकला आणि मजकुरासाठी दुसरे पान दिले.