हेडलाइट दुरुस्ती, पुढचा टप्पा: काच टिकली, पाणी मात्र कानाच्या मुळातून

गाडीच्या हेडलाइटची काच (खरं तर पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक) चिरली होती आणि दिवा बोल्टने गाडीला धरणारा वरचा कान तुटला होता; दोन्ही आधीच्या टप्प्यात चिकटवले. काचेच्या चिरेची दुरुस्ती अजून पक्की आहे. टोकांना दीड मिमीची भोकं पाडल्यामुळे ती पुढे सरकलेली नाही आणि इपॉक्सीही पिवळं पडलेलं नाही. काच आणि हाउसिंग (दिव्याचं मागचं प्लास्टिकचं कवच) यांच्यातला ब्यूटाइलचा, म्हणजे चिकट रबरी सीलंटचा, जोड सगळीकडे सारखा दबलेला दिसतो. तरीही गाडी धुतल्यावर आत पाणी आलं. खालच्या कोपऱ्यात जराशी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर उडून गेली, तर काळजीचं कारण नसतं. हेडलाइटला श्वास घ्यायला व्हेंट दिलेलेच असतात. इथे मात्र रिफ्लेक्टरवरून थेंब ओघळत होते.

दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. विझवल्यावर ती आकसते आणि मिळेल त्या फटीतून परत आत ओढली जाते. त्या वेळी फटीवर पाणी असेल, तर हवेऐवजी पाणीच आत जातं. म्हणून गरम दिव्यावर पाणी मारून घेतलेली चाचणी सगळ्यात कडक.

गळती शोधायला टेबलावर साबणपाण्याची चाचणी घेतली. एक सोडून सगळे व्हेंट टेपने बंद केले, त्या एकात नळी बसवली आणि रबरी ब्लोअरने हलकेच हवा भरली. तोंडाने फुंकू नये, कारण त्याने उलट ओलावाच आत जातो. कॉम्प्रेसर तर अजिबात नको, ब्यूटाइलचा जोड उचकटतो. जोडावर, काचेच्या चिरेवर, मागच्या झाकणाच्या रबरावर ब्रशने फेस लावला. एकही बुडबुडा नाही. गाडीत बसवल्यावर मात्र पुन्हा पाणी. टेबलावर कोरडा आणि गाडीत ओला, या कोड्याने डोकं खाल्लं.

उत्तर बोल्टमध्ये होतं. वरचा तुटका कान आधीच चिकटवलेला होता. चाचणीच्या वेळी तोच कान क्लॅम्पने खाली खेचला, तेव्हा मुळाशी बारीक बुडबुड्यांची रांग उठली. केसाएवढी भेग, ताण नसताना पूर्ण मिटलेली. बोल्ट आवळला की उघडते.

हाउसिंगच्या मागे >PP-TD40< असा शिक्का आहे, म्हणजे ४० टक्के टाल्क घातलेलं पॉलिप्रोपिलीन (पीपी). यावर इपॉक्सी आणि सुपर ग्लू वरवर बसतात आणि सालासारखे निघतात. शिवाय सुपर ग्लूची वाफ बंद जागेत काचेवर आणि रिफ्लेक्टरवर पांढरी बुरशीसारखी बसते, ती वेगळीच. इथे वेल्डिंगच हवं, म्हणजे सोल्डरिंग इस्त्रीने प्लास्टिक वितळवून जोडणं. भेगेवर बाहेरून व्ही खाच घेतली, भिंतीच्या जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंतच, म्हणजे कचरा आत पडत नाही. भर घालायला तुटक्या बंपरच्या पट्ट्या वापरल्या. त्यावर पीपीचा शिक्का आहे ना, एवढं पाहायचं. केबल टाय बरेच जण वापरतात, पण ते नायलॉनचे असतात आणि पीपीशी एकजीव होत नाहीत. पीपी साधारण १६५ अंशांना वितळतं. धूर आला किंवा रंग तपकिरी झाला, तर इस्त्री जास्त तापली आहे आणि तो जोड ठिसूळ होणार. तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग इस्त्री या एका कामासाठीच घेण्यासारखी आहे. साध्या इस्त्रीने जमतं, पण दर थोड्या वेळाने प्लग काढावा लागतो. वेल्ड थंड झाल्यावर कान ओढून पुन्हा फेस लावला. बुडबुडे बंद!

आता कानाला आधार म्हणून २ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवायचा बेत होता. पट्टीची लांबी घेताना कान आणि गाडीचा पत्रा यांच्यात जवळजवळ ३ मिमी फट सापडली. धडकेत पत्रा मागे गेला आहे आणि बोल्ट ती फट भरायला कान वाकवतो. म्हणजे पट्टी लावूनही ताण तसाच राहणार, फक्त भेग दुसरीकडे पडणार. म्हणून पट्टी रद्द. त्या फटीत वॉशर रचले, कान पत्र्याला सहज टेकला आणि बोल्ट फक्त बसेपर्यंत फिरवला. मग गरम दिव्यावर पाणी मारलं. आतून कोरडा!

आतलं पाणी सुकवताना मागचं झाकण आणि बल्ब काढून कोमट हवा दिली. रिफ्लेक्टरला कापड लावू नका, अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की पुसल्याचे ओरखडे कायमचे राहतात. बल्बही काचेला बोट न लावता परत बसवायचा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन दिव्यात कुठेही नको. त्यातलं अॅसेटिक आम्ल तोच थर खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

वॉशरमुळे दिवा आता मूळ जागेच्या जवळ आला आहे, म्हणजे आधी लावलेला फोकस चुकीचा ठरला. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून लो बीमची कडा दिव्याच्या केंद्रापेक्षा १० सेंमी खाली आणायची, म्हणजे एक टक्का उतार.

त्यानंतर काचेवर यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर. ते नसेल तर घासलेलं पॉलिकार्बोनेट पुन्हा पिवळं पडणारच. टूथपेस्टची चमक तर त्याहून लवकर जाते. ८०० च्या वॉटर पेपरने सुरुवात करून १५०० वर थांबणार आहे. ३००० पर्यंत गुळगुळीत केलं, तर कोटिंगला पकड मिळत नाही, आणि बारीक रेघा कोटिंगखाली तशाही दिसेनाशा होतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं; अॅसिटोन किंवा थिनर कधीच नाही. त्याने पॉलिकार्बोनेटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि दुरुस्त केलेल्या चिरेपाशी तर सगळ्यात आधी.