मॅटला सगळं ऐकू येत होतं

शनिवार. रात्रीचा दीड वाजलाय.

डेअरडेविल, म्हणजे दिवसा आंधळा वकील आणि रात्री मास्क घालून गुंडांशी लढणारा मॅट मर्डॉक, त्याच्या सिरीजच्या पहिल्या सीझनचा दहावा एपिसोड आज परत बघितला, नेल्सन विरुद्ध मर्डॉक. कितव्यांदा ते मोजलेलं नाही. 2015 मधे सीझन आला तेव्हा मी सदाशिव पेठेत राहत होतो, एमपीएससीचा अभ्यास, आणि रूममधल्या मित्राच्या लॅपटॉपवर एकच इयरफोन दोघांत वाटून, एक बाजू त्याच्या कानात एक माझ्या, असा आम्ही तो चार रात्रीत संपवला होता. त्या मित्राबद्दलच लिहायचंय खरं तर, पण एपिसोड डोक्यातून गेल्याशिवाय ते निघणार नाही.

नवव्याच्या शेवटी मॅट मरता मरता वाचून कसाबसा घरी येऊन कोसळतो, त्याचा मित्र आणि वकिलीतला पार्टनर फॉगी नेल्सन दार वाजवतो, आतून काहीतरी पडल्याचा आवाज येतो म्हणून आत शिरतो तर जमिनीवर तो मास्कवाला, ज्याला न्यूयॉर्कमधला त्यांचा भाग, अख्खं हेल्स किचन, गुन्हेगार समजतंय. मास्क ओढला तर आपलाच पार्टनर. आणि पुढचा एपिसोड बराचसा त्या एका घरात, दोघंच, बोलताहेत. फॉगी आधी विचारतो तू खरंच आंधळा आहेस का, बोटं दाखवून बघतो. पण त्याला खरं लागतं ते नंतर. मॅट सांगतो की त्याला माणसाच्या छातीचे ठोके ऐकू येतात, कोण खोटं बोलतंय ते त्याला ठोक्यांवरून कळतं. फॉगीचा चेहरा तिथे बघण्यासारखा आहे. म्हणजे कॉलेजपासून, कोलंबियातल्या त्या हॉस्टेलच्या रूमपासून, मी तुझ्याशी जेव्हा जेव्हा थाप मारली ती तुला कळत होती? आणि तू कळलं नाही असं दाखवत होतास?

सुपरहिरोंच्या बाबतीत हे मला कुठेच इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. एरवी नाव लपवायचं कारण एकच दिलं जातं, जवळच्यांना धोका नको. फ्लॅश या दुसऱ्या सुपरहिरो सिरीजमधे तर पहिल्याच एपिसोडमधे हिरो बॅरीला वाढवणारा जो वेस्ट त्याच्याकडून वचन घेतो की आपल्या मुलीला, आयरिसला, सांगायचं नाही, तिच्या सुरक्षेसाठी, आणि मग तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना माहिती असतं, तिलाच नसतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. ज्याला धोका आहे त्यालाच धोक्याची माहिती नाही, ही कसली सुरक्षा? मॅटचंही तेच. तो फॉगीला वाचवत नव्हता, फॉगीच्या नजरेतला मॅट वाचवत होता. दिवसा कोर्टात कायद्याची भाषा बोलणारा माणूस रात्री लोकांची हाडं मोडतो, आणि त्याच एपिसोडमधे तो कबूल करतो की पहिल्यांदा केलं, स्वतःच्या लहान मुलीला छळणाऱ्या त्या बापाला बडवलं, त्या रात्री त्याला फार छान झोप लागली. मारताना बरं वाटतं. हे फॉगीला दिसू नये एवढंच होतं त्याचं.

कॉमिक्समधे हे फार आधीपासून आहे. 1964 मधे स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी हा हिरो आणला आणि तीन वर्षांत मॅटने काय केलं, तर स्पायडरमॅनचं एक पत्र फॉगी आणि त्यांच्या ऑफिसातली सेक्रेटरी कॅरन यांच्या हातात पडलं, नाव फुटायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतःला एक जुळा भाऊ असल्याचं सांगितलं, माइक मर्डॉक, डेअरडेविल मी नाही तो आहे म्हणून. आणि मग तो स्वतःच माइक बनून रंगीत कपडे, गॉगल घालून त्यांच्यासमोर जायला लागला! पुढे 1968 मधे त्या भावाला मारून टाकावं लागलं, म्हणजे आपल्या सगळ्यात जवळच्या दोन माणसांना त्याने नसलेल्या माणसाचं दुःख करायला लावलं. लोक हा भाग मजेशीर म्हणून सांगतात. मला तो वाचायला जमत नाही.

आणि 1986 चा बॉर्न अगेन, फ्रँक मिलरने लिहिलेला, डेव्हिड मॅझुकेलीची चित्रं. व्यसनात बुडालेली कॅरन एका इंजेक्शनसाठी मॅटचं नाव विकते, ते फिरत फिरत गुंडांचा म्होरक्या किंगपिनकडे पोचतं आणि तो एकेक करून मॅटचे पैसे, वकिली, घर सगळं काढून घेतो. एवढं झाल्यावर मॅटला कॅरन भेटते तेव्हा तो तिला जवळ घेतो. हिशोब मागत नाही. त्या पानांसाठी मी मॅटचं बरंच काही माफ करू शकतो, कारण ज्याने आयुष्यभर खोटं बोलून जवळच्यांना फसवलं त्याला फसवलं गेल्यावर कसं वागायचं ते तिथे जमलंय.

आता आमचं.

2016 च्या पावसाळ्यात मी एका खाजगी कंपनीत नोकरी धरली. घरी पैशाची ओढाताण होती, माझे दोन प्रयत्न गेले होते, आणि आतून मला कळून चुकलं होतं की माझ्याच्याने होणार नाही. मित्राला सांगितलं नाही. त्याला सांगितलं की दुसरी, शांत अभ्यासिका मिळालीय हडपसरला, सकाळी तिकडे जातो. चार महिने सकाळी बॅग घेऊन निघायचो, संध्याकाळी येऊन त्याच्याशेजारी पुस्तक उघडून बसायचो. तो रात्री दिवे बंद झाल्यावर बोलायचा, मला भीती वाटते रे, वडलांना आता काय सांगू, वय चाललंय. सगळं बोलायचा कारण त्याला वाटायचं समोरचा त्याच होडीत बसलाय. आणि मी हं हं करत ऐकत होतो.

नोव्हेंबरमधे माझ्या बॅगेत पेन शोधताना त्याला आयडी कार्ड सापडलं.

मी म्हणालो, तुझी मेन्स होती, तू डिस्टर्ब होशील म्हणून बोललो नाही. तो ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला की मग रात्री मी कुणाशी बोलत होतो? फॉगीसारखंच. नोकरीचा राग नव्हता त्याला, मी सोडून दिलं याचाही नव्हता, मी बाहेर पडलेलो असताना आत असल्यासारखा त्याचं ऐकून घेतलं याचा होता. दहाव्या एपिसोडच्या शेवटी फॉगी ऑफिसची नेल्सन अँड मर्डॉकची पाटी कचऱ्याच्या डब्यात टाकतो. याने पुढच्या महिन्यात रूम बदलली.

नंतर तो पास झाला, आता विदर्भात पोस्टिंगला आहे, दिवाळीला मेसेज होतात, मुलीचे फोटो पाठवतो. तुटलं असं नाही म्हणता येणार, पण दिवे बंद झाल्यावरचं बोलणं पुन्हा झालं नाही.

मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मार्चमधे नवी सिरीज आली, तिचं नावही बॉर्न अगेनच, तिचा पहिलाच एपिसोड (ज्यांनी बघितली नाही त्यांनी हा पॅरा सोडा) मला परत बघवणार नाही. फॉगीला गोळी लागते, तो खाली रस्त्यावर पडलेला, कॅरन त्याच्याजवळ, आणि मॅट वर गच्चीवर झुंजतोय. त्याला तिथून फॉगीच्या छातीचे ठोके ऐकू येतात. हळू होतात, मग थांबतात. ज्या कानांवरून दहा वर्षांपूर्वी भांडण झालं होतं तेच कान, फॉगीचं शेवटचं काय ते त्यांनीच ऐकलं. मी तेव्हा स्क्रीन पॉज करून मित्राचा नंबर काढला होता, बघत बसलो आणि ठेवून दिला.

आज परत काढलाय. इतक्या वर्षांत मी त्याला कधी सांगितलंच नाही की त्याच्या मेन्सचा माझ्या गप्प राहण्याशी काही संबंध नव्हता, हा सोडून गेला असं त्याने माझ्याकडे बघू नये म्हणून मी गप्प होतो. हे मला तेव्हाही माहिती होतं, नोव्हेंबरच्या त्या रात्री ते वाक्य बोलत असतानासुद्धा.

उद्या रविवार आहे, त्याला सुट्टी असेल. सकाळी अकराच्या आसपास फोन करणार आहे, मुलगी खेळायला गेलेली असते तेव्हा तो निवांत असतो. डिस्टर्ब होशील म्हणून, हे मधे येऊ द्यायचं नाही.