रासुकाचा आदेश हातात पडल्यावर : माझा अनुभव

नांदेड, परभणी, बीडकडून स्थानबद्धतेचं प्रकरण घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात येणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, जामीन कधी होईल?" राष्ट्रीय सुरक्षा कायदा, 1980 म्हणजेच रासुका; त्यात जामीन हा प्रकारच नाही. खटलाही नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांचं समाधान झालं की माणूस आत, जास्तीत जास्त 12 महिने. यूएपीएशी (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याशी) गल्लत करू नका; तिथे तपासाला 180 दिवस लागले तरी पुढे कोर्ट आणि खटला असतो.

अशी फाइल आली की गुन्ह्याची हकीकत मी मागाहून वाचतो. आधी दोन तारखा काढतो : आदेश कधी निघाला आणि माणूस ताब्यात कधी घेतला. शासनाच्या मंजुरीचे 12 दिवस आदेशाच्या तारखेपासून धावतात. स्थानबद्धतेची कारणं देण्याचे 5 दिवस, सल्लागार मंडळाकडे (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणारं मंडळ) प्रकरण पाठवण्याचे 3 आठवडे आणि मंडळाच्या अहवालाचे 7 आठवडे मात्र ताब्यात घेतल्यापासून. अपवाद म्हणून, कारण लेखी नोंदवून, 5 चे 10 दिवस होतात. मग मंजुरीचे 12 चे 15. नातेवाईक सगळं एकाच तारखेपासून मोजतात आणि हिशेब चुकतो. आदेश निघून महिनोन्‌महिने अंमलबजावणी झाली नसेल, तर मधल्या काळात पोलिसांनी काय केलं हे त्यांना शपथपत्रावर सांगावं लागतं. (आपल्याकडे एमपीडीएची, म्हणजे महाराष्ट्राच्या स्वतःच्या स्थानबद्धता कायद्याची, प्रकरणं जास्त. मुदती बहुतेक याच, फक्त केंद्र सरकारला कळवण्याचा टप्पा तिथे नाही.)

मग कागदांचा गठ्ठा. पान क्रमांक लावून एकेक पान बघा. न वाचता येणारी झेरॉक्स, मराठी न येणाऱ्याला दिलेली फक्त मराठी कारणं, कारणांत उल्लेख असलेला पण न जोडलेला जबाब, आधीच्या गुन्ह्यातला जामीन आदेश अधिकाऱ्यांपुढे ठेवलेलाच नसणं : आदेश पडतात ते बहुधा अशा गोष्टींवर. हरिकिसन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 सालीच सांगितलं की समजणाऱ्या भाषेत कारणं दिली नाहीत तर ती दिलीच नाहीत. माणूस आधीच दुसऱ्या गुन्ह्यात तुरुंगात असेल, तर तो सुटण्याची खरी शक्यता होती का, हे आदेशात दिसलं पाहिजे. जामीन अर्जच केलेला नसताना काढलेला आदेश 2011 च्या रेखा निकालापुढे टिकणं कठीण.

निवेदन, म्हणजे आदेशाविरुद्धचं लेखी म्हणणं, हे यातलं सगळ्यात दुर्लक्षित हत्यार. राज्यघटनेच्या 22(5) कलमाचा हक्क आहे तो. जिल्हादंडाधिकारी, राज्याचा गृह विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय आणि सल्लागार मंडळ अशा चौघांना चार वेगळी निवेदनं द्या. एकाच कागदावर चार नावं टाकली की तो कागद एका टेबलावर अडकतो. हर्सूल किंवा जिथे ठेवलं असेल त्या कारागृहाच्या अधीक्षकांमार्फत पाठवा, पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारीख उतरवून ठेवा; घरच्यांनी स्पीड पोस्टानेही पाठवावं. निवेदन कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होतं याचा हिशेब पुढे सरकारला द्यावा लागतो आणि तो जमला नाही तर सुटका होते. जामीनदार शोधत बसलेल्या घरच्यांना हे उशिरा कळतं, याचं वाईट वाटतं.

मंडळापुढे वकील चालत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1981 च्या ए. के. रॉय निकालानुसार वकील नसलेला मित्र मदतीला घेता येतो. तो आधी लेखी मागा. आयत्या वेळी कोणी बोलावत नाही. सरकारच्या बाजूने विधी अधिकारी बसला, तर आपल्यालाही वकील द्या असा आग्रह तिथल्या तिथे नोंदवून घ्या.

खंडपीठात हेबियस कॉर्पसची (बेकायदा ताब्यातून सुटकेसाठीची) फौजदारी रिट लागते. ती आई, पत्नी, भाऊ कोणीही दाखल करू शकतं. कारागृहातून वकीलपत्र यायची वाट बघू नका. राज्य, जिल्हादंडाधिकारी, अधीक्षक आणि भारत सरकार असे चौघे प्रतिवादी करा. याचिका चालू असताना आदेश कायम करणारा शासनाचा हुकूम निघाला, तर दुरुस्ती अर्ज देऊन त्यालाही आव्हान द्या. नाहीतर त्या हुकमाला आव्हानच नाही, ही तांत्रिक अडचण सुनावणीच्या दिवशी पुढे येते.

रासुकाचा आदेश रद्द झाला तरी मूळ गुन्ह्यातला जामीन नसेल तर गेट उघडत नाही. सुटकेच्या दिवशी कारागृहात आधी दुसरं वॉरंट आहे का तेच बघतात. म्हणून जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात समांतर चालू ठेवा.