राजाचं नाव नसलेली चांदी: गोटलंडच्या नाण्यांच्या शोधात

स्टॉकहोमच्या दक्षिणेला नीनेसहाम्न बंदरातून बोट सुटली की तीनेक तासांत स्वीडनच्या गोटलंड बेटावरचं विस्बी शहर येतं. बहुतेक पर्यटक इथे तटबंदीसाठी येतात, आणि जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांबीचा तो चुनखडीचा तट आहेच तसा देखणा. मी मात्र सामान टाकून थेट स्ट्रांडगातानवरचं गोटलंड संग्रहालय गाठलं.

तिथे डोळे दिपतात ते स्पिलिंग्सच्या साठ्याने. १९९९ साली याच बेटावरच्या एका शेतात सापडलेली ६७ किलो चांदी, त्यात १४ हजारांवर नाणी, आणि ती जवळपास सगळी अरबी दिरहम! खलिफांच्या टांकसाळीतली ही चांदी रशियातल्या नद्यांच्या वाटेने, हातोहात इथवर आली. इथल्या व्यापाऱ्याला त्यावरच्या मजकुराशी कर्तव्य नव्हतं. नाणं असो की कड्याचा तुकडा, तराजूत टाकायचा आणि वजनावर सौदा.

स्वतःची नाणी या बेटाने पाडली ती बरीच उशिरा, ११४०च्या सुमारास. इवलीशी, पातळ. त्यांवर कुठल्याही राजाचं नाव नाही. तरीही ती शेजारचं ओलंड बेट, एस्टोनिया, लाटव्हियापर्यंत चालली. चांदीवर लोकांचा भरवसा असला की राजाच्या नावावाचून अडत नाही, हे मला इथे लख्ख दिसलं.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो १३४०च्या आसपास सुरू झालेल्या एर्तुग या मोठ्या नाण्यापाशी. एका बाजूला झेंडा घेतलेलं कोकरू, ख्रिस्ताचं प्रतीक. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवायचा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव. घाव जरा तिरपा बसला की छाप सरकते. माझ्यासमोरच्या नाण्यावर झेंडा स्वच्छ उठला होता, पण कडेची अर्धी अक्षरं बाहेरच राहिली होती, आपल्या शिवराईवर राहतात तशी.

संध्याकाळी तटाबाहेर गेलो. जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्या फौजेने इथे बेटावरचे सुमारे १८०० शेतकरी कापून काढले. शहराने दरवाजे बंदच ठेवले आणि नंतर शरणागती पत्करली. व्यापार वाचला, टांकसाळही चालूच राहिली. पुढेही विस्बीच्या नाण्यांवर तेच कोकरू उमटत होतं. ती नाणी मला आवडतात, पण त्या दिवशी शहराने जे केलं ते मी माफ करू शकत नाही.